कपाटातले सेवापुस्तक आणि लोकायुक्तांचे पत्र : नाशिक जिल्ह्यातील एका कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण

लोकायुक्त या संस्थेबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा वरच्या टोकाने होते. मुख्यमंत्री तिच्या कक्षेत असावा की नसावा, मंत्र्याच्या चौकशीला परवानगी कोणी द्यावी, नेमणूक कोणाच्या सल्ल्याने व्हावी, हे प्रश्न विधिमंडळात, उपोषणाच्या मांडवात आणि अग्रलेखांत गेली कित्येक वर्षे घोळत आहेत. पुढील प्रकरण खालच्या टोकाचे आहे. त्यात लाच नाही, घोटाळा नाही, कोणी बडा माणूस नाही. तालुक्याच्या गावातील एका सरकारी कार्यालयाच्या लोखंडी कपाटात पडून राहिलेले एक सेवापुस्तक, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या सगळ्या नोंदी असलेले पुस्तक, आहे आणि त्या सेवापुस्तकावर जिची चूल अवलंबून होती अशी एक विधवा बाई आहे. विकसनशील देशात लोकायुक्तासारखे कार्यालय उभे करायचे म्हणजे नेमके काय उभे करायचे असते, हे मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा या कपाटापाशी अधिक कळले.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मी लेखा शाखेतून निवृत्त झालेला कर्मचारी असून नाशिकमध्ये निवृत्तिवेतनधारकांचे अर्ज लिहून देण्याचे काम हौसेने करतो. या प्रकरणातील तक्रार मीच लिहिली, त्यामुळे मी तटस्थ निरीक्षक नाही. दुसरे असे की, लोकायुक्तांचे अन्वेषण खासगीत चालावे आणि तक्रारदाराची व संबंधित लोकसेवकाची ओळख उघड होऊ नये, अशी कायद्याचीच अपेक्षा असल्याने तालुका, कार्यालय, खाते आणि काही तपशील मी मुद्दाम मोघम ठेवले आहेत.

प्रकरण कसे अडले

बाईंचे पती चतुर्थश्रेणी कर्मचारी होते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आल्यामुळे त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू होती. निवृत्तीला दोन वर्षे बाकी असताना, सेवेत असतानाच ते वारले. अशा वेळी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू-उपदान (ग्रॅच्युइटी) मिळावयास हवे. त्यासाठी कार्यालयाने सेवापुस्तक पूर्ण करून वेतन पडताळणी पथकाकडून तपासून घ्यायचे आणि प्रस्ताव महालेखापालांकडे मुंबईला पाठवायचा, असा ठरलेला रस्ता आहे. नाशिक विभागाची राज्य शासकीय प्रकरणे मुंबईच्याच महालेखापाल कार्यालयाकडे जातात.

या रस्त्यावर पहिल्याच वळणाला गाडी थांबली. पडताळणीत असे आढळले की, बाईंच्या पतीला अनेक वर्षांपूर्वी कालबद्ध पदोन्नती मिळाली तेव्हा वेतननिश्चिती करताना एक वेतनवाढ चुकून जास्त दिली गेली होती. पथकाने आक्षेप नोंदवून सेवापुस्तक परत पाठवले. आता कार्यालयाने सुधारित वेतननिश्चिती करायची, आक्षेपाचे अनुपालन करायचे आणि पुस्तक पुन्हा पडताळणीस द्यायचे, एवढेच काम उरले होते. हाताखाली जुने वेतन तक्ते असतील तर एखाद्या जाणत्या लिपिकाला दोन दिवस पुरतात. पण सेवापुस्तक परत आले त्याच सुमारास आस्थापना लिपिकाची बदली झाली. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत या पुस्तकाचा उल्लेख राहून गेला आणि नव्याने आलेल्या मुलाला, तो खरोखरच मुलगा होता, नोकरीला लागून त्याला वर्षही झाले नव्हते, ते आपल्या कपाटात आहे हेच ठाऊक नव्हते. बाई चौकशीला गेल्या की तो प्रामाणिकपणे सांगे, 'प्रस्ताव वर गेला आहे.'

पुढे केव्हा तरी पुस्तक सापडले, तेव्हा उत्तर बदलले. 'अतिप्रदान झाले आहे, ती रक्कम भरा, मग प्रस्ताव पाठवू,' असे तोंडी सांगण्यात आले. लेखी काहीच दिले नाही. रक्कम किती, तिचा हिशेब कोणी केला, वसुलीचा आदेश कोणत्या तारखेचा, यांतले काहीही बाईंच्या हाती नव्हते. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात हे स्पष्ट केले होते की, वर्ग ३ व वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून आणि पाच वर्षांहून अधिक काळ जास्तीचे वेतन दिले गेले असेल अशा ठिकाणी ते वसूल करणे अनुज्ञेय नाही. कार्यालयात हा निकाल कोणाला माहीत नव्हता असे मी म्हणणार नाही. माहीत असूनही स्वतःच्या सहीने वसुली सोडून देण्याची जबाबदारी कोणाला घ्यायची नव्हती. लेखापरीक्षणात उद्या कोणी विचारले तर, ही भीती आमच्या शाखेत जन्मभर माणसाच्या मानगुटीवर बसलेली असते आणि तिचे ओझे शेवटी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर जाते.

प्रकरण निकाली निघेपर्यंत तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू करण्याची तरतूद नियमांत आहे. ते मागावे लागते हे बाईंना कोणी सांगितले नव्हते.

त्या दिंडोरी तालुक्यातल्या. नवरा गेल्यावर द्राक्षाच्या मळ्यात छाटणीला, घड औषधात बुडवण्याच्या डिपिंगला रोजाने जाऊ लागल्या; एरवी पंचवटीत मुलाकडे राहत. कार्यालयात गेले की त्या दिवसाचा रोज बुडायचा. दोन वर्षांत किती वेळा गेलात, असे मी विचारले तेव्हा त्यांनी एसटीच्या तिकिटांची पुरचुंडी पुढे ठेवली. त्या प्रकरणातील एवढाच लेखी पुरावा तेव्हा त्यांच्याजवळ होता.

जी दारे आधी ठोठावली

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. बाई तेथे गेल्या होत्या. सेवाविषयक व आस्थापनाविषयक तक्रारी लोकशाही दिनात घेत नाहीत, असे सांगून अर्ज परत दिला गेला आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता आले असते. तेथे बहुधा वकील लागतो आणि नाशिककरासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. २००५ चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा कायदा, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात, कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडकून राहू नये असे सांगतो. पण फाईल कोणाकडे दिली याची ज्या कार्यालयात नोंदच नाही, तेथे हे सात दिवस कोणाच्या नावावर मोजायचे?

माहितीचा अधिकार मात्र कामी आला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा आणि मागणी एकच: अमुक सेवापुस्तकाच्या संदर्भातील आवक-जावक नोंदवहीच्या संबंधित पानांच्या आणि टिपणीच्या छायाप्रती. तीस दिवसांच्या आत चार पाने मिळाली. त्यांपैकी एका पानावर सेवापुस्तक पथकाकडून परत आल्याची नोंद होती. त्या नोंदीपुढचा रकाना, म्हणजे ते कोणाकडे दिले तो, कोरा होता.

तो कोरा रकाना म्हणजेच आमचे प्रकरण होते.

लोकायुक्त : कायदा आणि त्याचे गोत्र

यापुढे लोकायुक्तांकडे जायचे ठरले. ही संस्था कोठून आली आणि आपल्याकडे कशी रुजवली गेली, हे ठाऊक नसेल तर पुढचे अडथळे आकस्मिक वाटतील. ते तसे नाहीत.

राजाच्या अधिकाऱ्यांवर संसदेची नजर असावी म्हणून स्वीडनने १८०९ मध्ये ओम्बुड्समन हे पद निर्माण केले. जगभर त्याचे अनुकरण झाले ते मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. डेन्मार्कमध्ये १९५५ पासून आणि न्यूझीलंडमध्ये १९६२ पासून असे अधिकारी कामाला लागले. आपल्या धोरणकर्त्यांनी नमुना घेतला तो या देशांचा. न्यूझीलंडची तेव्हाची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या एकसष्ट लाखांहून अधिक आहे. न्यूझीलंडमध्ये बहुतेक प्रत्येक माणूस लिहू शकत होता आणि घरी बसून टपालाने तक्रार पाठवू शकत होता. लेखी तक्रारीचे उत्तर लेखीच द्यायचे, हा कार्यालयांचाही रिवाज होता. लोकपाल या पदाचा सांगाडा आयात करताना त्याच्याखालची ही जमीन आयात करता येत नाही, हे साधे वाटले तरी आपल्या कायद्याच्या रचनेत ते फारसे विचारात घेतलेले दिसत नाही.

लोकपाल आणि लोकायुक्त हे शब्द १९६३ मध्ये लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी रूढ केले. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये नागरिकांच्या गाऱ्हाण्यांवरील अंतरिम अहवालात केंद्रात लोकपाल व राज्यांत लोकायुक्त असावेत, अशी शिफारस केली. केंद्राचे विधेयक १९६८ मध्ये आले, लोकसभेत मंजूरही झाले, पण सभागृह विसर्जित झाल्याने बारगळले आणि मग केंद्राचा कायदा व्हायला २०१३ उजाडले. राज्यांत ओडिशाने १९७० मध्ये कायदा केला. प्रत्यक्ष कार्यालय मात्र देशात सर्वप्रथम महाराष्ट्रात, १९७१ च्या कायद्यान्वये, २५ ऑक्टोबर १९७२ पासून सुरू झाले. ते दुष्काळाचे वर्ष होते. लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि हजेरीपटावर नाव लागले की नाही हाच त्यांचा शासनाशी आलेला मुख्य संबंध होता. मुंबईत उघडलेल्या या नव्या कार्यालयापर्यंत त्यांतला कोणी पोहोचला असेल, असे मला वाटत नाही.

तरीही कायदा म्हणून १९७१ चा अधिनियम वाचावा असा आहे. त्यात दोन प्रकारच्या तक्रारींचा भेद केला आहे. एक आरोपाची, म्हणजे लोकसेवकाने पदाचा गैरवापर केला, लाभ घेतला, भ्रष्ट वर्तन केले अशी. दुसरी गाऱ्हाण्याची, म्हणजे गैरकारभारामुळे मला अन्याय किंवा अवाजवी त्रास सोसावा लागला अशी. आणि गैरकारभाराच्या व्याख्येत कृती अवाजवी, अन्यायकारक, जाचक किंवा भेदभावाची असणे जसे येते, तसा निष्काळजीपणा आणि अवाजवी विलंबही येतो. हेतू वाईट असला पाहिजे अशी अट गाऱ्हाण्याला नाही. कोणी दोषी नसतानाही कोणावर तरी अन्याय होऊ शकतो, ही गोष्ट ज्या कायद्याला कळते तो कायदा मला शहाणा वाटतो.

आणखी एक बारकावा. शासकीय कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बदल्या, शिस्तभंग, वेतन असे सेवाविषयक विषय या कायद्याने वगळले आहेत. परंतु निवृत्तिवेतन, उपदान, भविष्यनिर्वाह निधी आणि सेवा संपल्यावर उद्भवणारे दावे त्या वगळणुकीतून पुन्हा बाहेर काढले आहेत. म्हणजे लोकशाही दिनाने जो अर्ज सेवाविषयक म्हणून परत केला, तो लोकायुक्तांकडे दाखल होऊ शकत होता. कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्या दोघातिघांना मी हे विचारून पाहिले. त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते.

तक्रार लिहिताना

तक्रार विहित नमुन्यात आणि प्रतिज्ञापत्रासह द्यावी लागते. गाऱ्हाणे असेल तर ते ज्याला सोसावे लागले त्यानेच करावे लागते. कृती कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत यावे लागते आणि न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात दाद मागण्याची सोय असेल तर लोकायुक्त सहसा हात घालत नाहीत. पुरेशा कारणामुळे तेथे जाणे शक्य नव्हते, असे त्यांना पटले तरच अपवाद. या चार अटींपैकी प्रत्येक अट स्वतंत्रपणे योग्य आहे. पण चारही एकत्र आल्या की त्या द्राक्षाच्या मळ्यात रोजाने जाणाऱ्या बाईच्या उंचीच्या राहत नाहीत.

मुदतीचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. पतीच्या निधनापासून मोजले तर बारा महिने केव्हाच उलटून गेले होते. पहिल्या तोंडी नकारापासून मोजले तरी उलटले होते. आम्ही तारीख धरली ती माहिती अधिकारातील उत्तराची: सेवापुस्तक परत येऊन कोणाकडेही सोपवले गेलेले नाही, हे तक्रारदाराला प्रथमच त्या दिवशी कळले. हे वकिली चातुर्य वाटेल, पण ते खरेही होते. ज्या विलंबाची कागदावर कोठेच नोंद नाही, तो विलंब कळण्याची तारीख दुसरी कोणती असणार? न्यायाधिकरणाबाबत आम्ही उत्पन्नाचा दाखला जोडला आणि दोन वाक्यांत लिहिले की, लेखी आदेशच दिला गेला नसल्याने आव्हान कशाला द्यायचे हाही प्रश्न आहे.

मग प्रश्न आला 'कोणाविरुद्ध' या रकान्याचा. मी पेन हातात धरून बसलो तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्या पोराचं नाव नका घालू. त्याची बी नोकरी हाये."

"मावशी, नाव नाही घालायचं," मी म्हटले, "तारखा घालायच्या."

आम्ही तक्रार पदनामाने, कार्यालयप्रमुखांविरुद्ध केली. दोन पानांत एकाही विशेषणाचा वापर केला नाही. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला घटना, आणि शेवटी तीन मागण्या: तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू करावे, सुधारित वेतननिश्चिती करून सेवापुस्तक पडताळणीस पाठवावे, वसुलीचा आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी, नसल्यास वसुली सांगू नये. अर्ज लिहून देणाऱ्यांची एक खोड असते, ती म्हणजे 'जाणीवपूर्वक', 'हेतुपुरस्सर', 'आर्थिक लाभापोटी' असे शब्द पेरण्याची. त्यामुळे गाऱ्हाण्याचा आरोप होतो, आरोप सिद्ध करण्याचे ओझे अंगावर येते आणि समोरचे कार्यालय चूक दुरुस्त करण्याऐवजी बचावाच्या तयारीला लागते. सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) न्यायालयाच्या बाहेर नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून घेतले. बाईंनी अंगठा न लावता सही केली; ती सही त्या साक्षरता वर्गात शिकल्या होत्या आणि तिचा उपयोग होत असल्याचा त्यांना आनंद झालेला दिसला.

पत्राने काय घडले

लोकायुक्तांच्या कार्यालयाकडून तक्रारीची प्रत कार्यालयप्रमुखांना आणि त्यांच्या वरिष्ठांना अहवालासाठी गेली. पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणे आले: प्रकरणी उचित कार्यवाही सुरू आहे. आमच्या शाखेत असे उत्तर म्हणजे काहीही न करता काही केल्याचे समाधान असते. परंतु पुन्हा पत्र गेले आणि त्यात घटनाक्रम तारीखवार मागितला होता. सेवापुस्तक कोणत्या तारखेला प्राप्त झाले, ते कोणाकडे दिले, आक्षेपाचे अनुपालन कोणत्या तारखेस केले, नसल्यास विलंबाची कारणे काय.

हे वाक्य वरवर किरकोळ दिसते. पण ज्याने सरकारी कार्यालयात काम केले आहे त्याला कळेल की, त्या पत्राने कोरा रकाना भरणे भाग पडले. तो भरायचा तर कोणाचे तरी नाव लिहावे लागते; आणि कोणाचे नाव लिहायचे हे ठरवण्यापेक्षा प्रस्ताव पाठवून देणे सोपे असते. तारीखवार अहवाल तयार होण्याच्या आतच सुधारित वेतननिश्चिती झाली, सेवापुस्तक पडताळणीस गेले आणि तात्पुरते कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर झाले. जे दोन वर्षांत झाले नव्हते ते काही आठवड्यांत झाले. शिफारस झाली नव्हती, कोणाला शिक्षा झाली नव्हती, सुनावणीही व्हायची होती.

महाराष्ट्राच्या लोकायुक्तांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप म्हणजे त्यांना दात नाहीत: ते केवळ शिफारस करतात, ती मान्य झाली नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल देतात, आणि तो अहवाल शासनाच्या खुलाशासह विधिमंडळापुढे ठेवला जातो. आक्षेप खोटा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये तेथील लोकरक्षकांनी, म्हणजे आपल्या लोकायुक्तासारख्या अधिकाऱ्यांनी, सांगितलेली उपाययोजना न्यायालयाने रद्द करेपर्यंत बंधनकारक आहे, असे ठरवले, तसे सामर्थ्य इकडे नाही. कर्नाटकात १९८४ च्या कायद्याखाली लोकायुक्तांना पोलिसांची शाखा मिळाली आणि खाण प्रकरणातील २०११ च्या अहवालानंतर मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, तशी उदाहरणेही इकडे नाहीत. मात्र मंत्र्याला पायउतार करायला जे हत्यार लागते ते, आणि तालुक्याच्या कपाटातून पुस्तक काढायला जे लागते ते, एक नव्हे. कागदपत्रे मागवण्याचे आणि साक्ष घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार १९७१ च्या कायद्यात आहेत. फाईल मागवता येणे आणि तारीख विचारता येणे, गाऱ्हाण्याच्या बाबतीत एवढे सामर्थ्य पुष्कळ असते. आमच्या प्रकरणात तर त्या सामर्थ्याच्या नुसत्या सावलीने काम झाले.

सुनावणीची नोटीस आली तेव्हा बाईंना मुंबईला जावे लागले. मी बरोबर होतो. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, मुंबईत सीएसएमटीला उतरून पायी मंत्रालयाच्या दिशेने, आणि सुनावणी जेमतेम काही मिनिटांची, शांत, वकिलांशिवाय, मराठीत. कार्यालयप्रमुखही आले होते. वसुलीबाबत त्यांनी सांगितले की तसा आदेशच काढलेला नाही. तो नव्हताच, तोंडी अडवणूक मात्र दीड वर्ष चालली होती. प्रस्ताव महालेखापालांकडे पोहोचल्याचे नोंदवून आणि अंतिम मंजुरीनंतर कळवण्यास सांगून विषय संपला. परतताना बाईंनी विचारले की, हेच साहेब नाशिकला येऊन बसले असते तर चालले नसते का. मला उत्तर देता आले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता.

अंतराचा प्रश्न

टांझानियाने १९६६ मध्ये आफ्रिकेतील पहिली अशी संस्था, स्थायी चौकशी आयोग, स्थापन केली तेव्हा त्या राजवटीत एकच पक्ष होता आणि आयोग संसदेऐवजी राष्ट्राध्यक्षांना अहवाल देत असे. स्वातंत्र्याच्या कसोटीवर तो आयोग फारसा टिकणार नाही. पण त्याच्या सदस्यांनी एक गोष्ट केली: ते प्रांताप्रांतांत फिरले, सभा घेऊन आपण कोण आहोत ते सांगितले आणि तोंडी तक्रारी तेथेच उतरवून घेतल्या. उलट श्रीलंकेने १९८१ मध्ये पद निर्माण केले ते संसद सदस्यामार्फतच तक्रार यावी अशा अटीने, आणि थेट दार उघडायला १९९४ ची दुरुस्ती लागली. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आपण उभे आहोत. दार थेट उघडे आहे, पण ते एकाच शहरात आहे.

नाशिकला विभागीय आयुक्तालय आहे. राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालील आयुक्तही विभागवार आहेत आणि नाशिक विभागाचे कार्यालय येथेच आहे. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार या पाच जिल्ह्यांसाठी उपलोकायुक्तांनी वर्षातून काही दिवस नाशिकरोडला बसायचे ठरवले, तर त्यासाठी इमारत बांधावी लागणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या माणसाला मुंबईऐवजी नाशिक जवळ पडेल असे म्हणणे हीसुद्धा थट्टाच आहे, हे मला कळते. पण निदान थट्टेचे अंतर कमी होईल.

राज्याचे नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाले. त्या वेळची बहुतेक सगळी चर्चा मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणण्यावर आणि त्यासाठी विधानसभेच्या दोन-तृतीयांश मान्यतेच्या अटीवर झाली. केंद्राचा २०१३ चा लोकपाल कायदा तर भ्रष्टाचाराच्या तक्रारींभोवतीच रचलेला आहे. विलंबाच्या गाऱ्हाण्याला त्यात जागा नाही. भ्रष्टाचाराविरुद्धची यंत्रणा नको असे कोण म्हणेल? पण आमच्या प्रकरणात कोणी पैसे मागितले नव्हते. मागितले असते तर कदाचित काम लवकर झाले असते, अशी कडवट चेष्टा आमच्या कट्ट्यावर कोणीतरी केली आणि तिला कोणी हसले नाही.

एक उणीव मात्र कायद्याच्या माथी मारता येणार नाही. बाईंचे प्रकरण निवारण झाले म्हणून बंद झाले आणि त्या कार्यालयाच्या कार्यभार हस्तांतरणाच्या पद्धतीत काहीही बदलले नाही. निकाली निघालेल्या ज्या प्रकरणांत सार्वजनिक हिताचे काही असेल त्यांचा सारांश प्रसिद्ध करण्याचा अधिकार १९७१ च्या कायद्याने लोकायुक्तांना दिलेला आहे. सेवापुस्तक परत आल्यावर ते कोणाकडे गेले याची नोंद सक्तीची करावी, एवढे एक वाक्य जर अशा सारांशातून प्रत्येक जिल्ह्याच्या आस्थापना शाखेच्या भिंतीवर लागले असते, तर एका तक्रारीचे मोल कितीतरी पटींनी वाढले असते. मी तसे लोकायुक्तांच्या कार्यालयाला स्वतंत्र पत्राने सुचवले आहे.

अंतिम मंजुरी आली, थकबाकी जमा झाली. उपदानातून काही कापले गेले नाही. विलंबावरील व्याजाचा अर्ज आम्ही अजून केलेला नाही, तो करायचा आहे.

गेल्या महिन्यात बाई पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दुसऱ्या एक बाई होत्या. त्याच कार्यालयातल्या एका चौकीदाराच्या पत्नी. कापडी पिशवीतून त्यांनी आधार कार्ड, मृत्यूचा दाखला आणि माहिती अधिकारातील उत्तर काढले. ते मागवायला आमच्या मावशींनीच सांगितले होते. उत्तराची तारीख पाहून मी बोटांवर महिने मोजले. अकरावा चालू होता. नोटरीकडे दुसऱ्याच दिवशी जायचे ठरले, आणि 'कोणाविरुद्ध' या रकान्यात काय लिहायचे ते मावशींनीच त्या बाईंना समजावून सांगितले.